राजांच्या ताटातली भजी

मिरजेत पाच जण दर रविवारी फासे टाकून गोष्ट रचण्याचा खेळ खेळत. शाल्मली सूत्रधार असे. बाकीचे गोष्टीतली पात्रे होत. फासे, नकाशे आणि खाण्याचा खर्च वर्गणीतून भागे. निवृत्त अधिकारी आबासाहेब निकम मात्र डोक्यावर कागदी मुकुट घालून म्हणत, "मी राजा. राजा कर घेतो, देत नाही." त्यांचा वाटा शाल्मली भरी. आता तिला ते झेपेना. खेळ बंद पडायची वेळ आली.

त्या रविवारी गरम भजी आली. चारच बशा भरल्या गेल्या. शाल्मली सूत्रधाराच्या आवाजात म्हणाली, "महाराजांपुढे सोन्याचे ताट आले. भजी खाऊन महाराज तृप्त झाले."

"आणि माझी बशी?"

"राजे गोष्टीत जेवले. बशी वर्गणीदार आबासाहेबांची आहे. ते आले की भरते."

आबासाहेबांनी कागदी मुकुट उतरवला आणि पाकीट काढले.