रिकाम्या जात्याची हाक

फार वर्षांपूर्वी, पिठाची गिरणी कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती तेव्हा, मोहाळी गावात धुरपा नावाची टाकारीण राहत होती. जातं झिजून गुळगुळीत झालं की दाणे नुसते घरंगळतात. मग दगडाला टाकीनं टोचून पुन्हा खरबरीत करावं लागतं. ते काम धुरपाचं. तिनं टाकी लावलेलं जातं चांदण्यासारखं पीठ पाडायचं, असं म्हणतात. आता चांदणं कुणी चाळून पाहिलंय? पण म्हणतात खरं.

धुरपाचा नवरा लवकर गेला. त्याच्यामागं जन्मलेलं बाळही गेलं, थोरली लेक तेवढी उरली. बाई झोपेना, म्हणून शेजारणीनं मायेनंच तिला मोहाच्या दारूचा घोट दिला. झोप लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. पुढं झोप गेली आणि घोट तेवढा राहिला. पुरुष पिऊन पडला की गाव म्हणायचं, दमला असेल बिचारा. धुरपा पडली की पोरं खडे मारायची. गावाचा हा न्याय मला कधीच पटला नाही.

एकदा पाटलांच्या घरी लग्न निघालं. हळद दळायच्या जात्याला टाकी लावायला धुरपाला बोलावलं. तिचे हात थरथरत होते. टाकी घसरली, घाव खोल बसला आणि वरचा दगड काठापासून मधल्या भोकापर्यंत तडकला. लग्नघरात जातं तडकणं म्हणजे केवढा अपशकुन! पाटलीण गयाबाईनं ते जातं धुरपाच्याच दारात टाकायला लावलं. त्यानंतर गावात तिला कुणी काम दिलं नाही.

धुरपाची नणंद सरू डोंगरापलीकडच्या गावात दिलेली होती. तिच्या कानावर हे गेलं. ती आली आणि तिनं धुरपाच्या लहानग्या लेकीला, ठकीला, कडेवर घेतलं.

"वयनी, पोरीला म्या नेते. माझं जातंबी झिजलंय. ज्या दिशी तू त्याला टाकी लावशील आन् पिठात दगडाची कच लागायची न्हाई, त्या दिशी पोर तुझी."

सरू काही वाईट नव्हती. ठकी वळून वळून बघत गेली. धुरपानं लेकीला जवळ घेतलं नाही, कारण तिच्या तोंडाला वास येत होता.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला तल्लफ उठली. पाय दारूभट्टीच्या वाटेला लागू पाहत होते. हाताला धरायला काहीतरी हवं, म्हणून तिनं दारातल्या तडकलेल्या जात्याचा खुंटा धरला. घरात दाणा नव्हता. तरी ती जातं ओढत राहिली. रिकामं जातं फिरवू नये, घरातलं अन्न उठतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दगडावर दगड घासल्याचा तो खरखराट वाऱ्याच्या उलट्या दिशेनं पाटलांच्या माजघरापर्यंत गेला, असं म्हणतात.

गयाबाई तणतणत आली. "बंद कर ते, धुरपे! गावाचं अन्न उठवतीस व्हय?"

"हात थांबला तर पाय भट्टीकडं जात्याल, पाटलीणबाई. काय करू, सांगा."

गयाबाई जायला वळली. पण जातं तसंच रिकामं सोडून जाणं तिच्या जिवाला मानवेना. ती घरून ओंजळभर बाजरी घेऊन आली आणि तिनं जात्यात घास घातला. खरखर थांबली, घरघर सुरू झाली. मग तिनं समोर बसून खुंट्याला हात लावला. राग गेला नव्हता, बरं का! पण दोघींच्या हातात एकच खुंटा असला की एकीला उठून जाता येत नाही. बाजरी संपली तोवर तल्लफ ओसरली होती.

मग रोज दिवेलागणीला जातं ओरडायचं आणि कुणी ना कुणी मूठभर दाणे घेऊन यायची. हळूहळू बायका तिथं बोलायला लागल्या, रडायला लागल्या, हसायलाही लागल्या. ज्यांनी कधी थेंब घेतला नव्हता, त्यांचंही पोटात साठलेलं तिथं दळून निघालं.

एके दिवशी कुणीतरी बातमी आणली, की ठकी आता सरूलाच आये म्हणते. त्या संध्याकाळी जातं वाजलं नाही. बायका शोधत गेल्या, तर धुरपा भट्टीपाशी पडलेली. त्यांनी तिला उचलून आणलं, तोंड धुतलं, अंगावर पांघरूण घातलं. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून बसली. दिवेलागण झाली तरी हलेना.

तेव्हा गयाबाईनं काय करावं? ती धुरपाच्या दारात बसली आणि स्वतःच रिकामं जातं फिरवू लागली. पाटलीण, आणि रिकामं जातं!

"बंद करा, पाटलीणबाई," आतून आवाज आला.

"मग घास घाल की गं बाई!"

धुरपा बराच वेळ कानांवर हात ठेवून बसली. मग उठली. टोपलीच्या तळाशी उरलेले दाणे तिनं मुठीत घेतले. अर्धे वाटेतच सांडले. उरलेले तिनं जात्यात घातले. तोवर तिला सगळ्यांनी घास दिला होता. त्या दिवशी तिनं दिला.

पुढं गयाबाईनं आपलं दुसरं जातं तिच्यापुढं आणून ठेवलं. "लाव टाकी," एवढंच म्हणाली. टाकी नीट बसली.

मग धुरपा डोंगरापलीकडं निघाली. वाटेत दिवेलागण होणार आणि तल्लफ कुठंही गाठणार, म्हणून ते तडकलेलं जातं तिनं डोक्यावर घेतलं. खिंडीत ती एकटी होती. ती रिकामं जातं ओढत बसली. आवाज मोहाळीत ऐकू आला. घराघरातल्या बायकांनी आपापल्या जात्यात मूठभर दाणे घातले, आणि पीठ पडलं ते खिंडीत, धुरपाच्या जात्याभोवती. असं म्हणतात, आणि मी तरी मानतो.

सकाळी तिनं सरूच्या जात्याला टाकी लावली. सरूनं दळलं, भाकरी थापली, तुकडा ठकीच्या हातात दिला. दोघी बघत राहिल्या. पोरीनं सावकाश चावलं, गिळलं.

"कच न्हाई लागत, आये," ठकी म्हणाली.

ती धुरपाकडं बघत होती. सरूनं डोळ्यांना पदर लावला आणि पोरीचं बोचकं बांधायला घेतलं.

धुरपा जाऊन किती काळ लोटला कोण जाणे. मोहाळीत आता विजेवरची गिरणी आहे. तरी चावडीच्या ओट्यावर ते तडकलेलं जातं ठेवलेलं आहे. कुणा बाईला दारूची, तंबाखूची नाहीतर नुसत्या दुःखाची ओढ असह्य झाली, की ती येऊन ते रिकामंच फिरवते. जिच्या कानावर आवाज पडेल तिनं हातातलं काम टाकून मूठभर दाणे घेऊन जायचं आणि समोर बसायचं. काय झालं, हे विचारायचं नाही. पिठाची भाकरी होते, आणि पहिला घास आलेलीनं बोलावणारीला भरवायचा.

ते जातं आजवर फार वेळ रिकामं फिरलेलं नाही.