न वाजवलेली तबकडी

एका बाजारपेठेच्या गावात एक वृद्ध जाणकार राहत असत. त्यांच्याजवळ तीन हजार तबकड्या होत्या आणि एक शिष्य होता. तबकड्या गात असत, शिष्य घाबरत असे. ही गोष्ट त्या शिष्याची आहे.

वृद्धांना सगळी पेठ जिरगेमामा म्हणे. तांबट गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त होत आणि मागच्या खोलीत तबकड्या कपाटांमधून ओळीने उभ्या ठेवलेल्या असत. आडव्या रचल्या तर वरच्यांच्या भाराने खालच्या वाकतात, म्हणून त्या उभ्याच ठेवायच्या, हा मामांच्या शाळेतला पहिला धडा.

शिष्याचं नाव दिगंबर. वय पंचेचाळीस, नोकरी नगरपालिकेच्या पाणी खात्यात. दर रविवारी दुपारी जेवण उरकून तो मामांकडे येई. मामांची शिकवण्याची रीत एकच होती. दुरुस्त झालेल्या प्लेयरवर ते एखादी तबकडी लावत, दिगंबरला दाराजवळच्या स्टुलावर बसवत आणि विचारत, "काय ऐकू येतंय?" मग दिगंबरने सांगायचं, डावीकडे घरघर आहे, किंवा वेग किंचित मंद आहे, किंवा सुई बोथट झाली आहे. मामा मान डोलवून पेचकस उचलत. स्वतः काही सांगत नसत. गेली तीन वर्षं असंच चाललं होतं, आणि गुरू आपले कान तयार करीत आहेत या समजुतीने दिगंबर मनातून सुखावत असे.

"तोंड उजेडाकडे ठेव," मामा दर वेळी बजावत. "अंधारात बोललेलं मला पटत नाही."

थोरांच्या लहरी म्हणून दिगंबरने ते सोडून दिलं होतं.

आता त्याच्या भीतीबद्दल. दिगंबरचे वडील गावच्या गायनशाळेत शिकवीत. शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा वर्गणी काढून एक तबकडी काढली गेली होती, जेमतेम दोनशे प्रतींची. तिच्या एका बाजूला वडिलांचं गाणं होतं, शाळेतल्याच एका मास्तरांनी रचलेलं. 'अंगणात थांब जरा, दिवा लावून येतो' अशी त्याची सुरुवात. त्या दोनशेपैकी किती फुटल्या, किती रद्दीत गेल्या, देव जाणे. दिगंबरने अनेक वर्षं जुन्या बाजारांतून शोध केला, पण दुसरी प्रत हाती लागली नाही. वडिलांचा आवाज जगात आता एकाच जागी उरला होता, त्याच्या लोखंडी कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात.

आणि तबकडीचा एक स्वभाव असतो. सुई तिच्या रेघांमधून फिरते तेव्हाच ती गाते, आणि फिरताना सुई तिचा केसाएवढा का होईना, अंश घासून नेते. जाणकार सांगतात की चांगल्या सुईने शेकडो वेळा वाजवली तरी फरक कळत नाही. पण भित्र्या माणसाला शेकडो हा आकडा दिसत नाही, त्याला घासणं दिसतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी दिगंबरने ती शेवटची लावली. सुई पुढे पुढे सरकताना तो नुसता तिच्याकडेच पाहत राहिला, आणि वडिलांचा आवाज त्याने ऐकलाच नाही. दुसऱ्या दिवशी जाड, मऊ प्लास्टिकचं पाकीट आणून त्याने तबकडी त्यात घातली, तोंडाला चिकटपट्टी लावली आणि कपाटाची किल्ली जानव्याला अडकवली.

त्याला दहा वर्षं झाली.

दरवर्षी वडिलांच्या तिथीला जेवणं झाली की आई म्हणे, "दिगू, आज लाव की रे ह्यांचं गाणं."

"पुढच्या वर्षी आई. चांगली सुई मागवतोय. ती आली की लावू."

ही सुई दहा वर्षं येतच होती. आई बिचारी हो म्हणून पानाचा डबा ओढी. यंदा मात्र तिथीला तिने विचारलंच नाही. जेवली, भांडी आवरली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दिगंबरला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच हायसं वाटलं. हल्ली आईचं विसरणं वाढलंच होतं. कुकरच्या शिट्ट्या होऊन जात आणि डाळ करपे, मग दिगंबर चिडून बोले, तेही ती शांतपणे ऐकून घेई. एवढी शांत ती पूर्वी नव्हती.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी दिगंबरने कपाट उघडलं. तबकडी जागेवर आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहिल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. एरवी तो पाकिटाला नुसता हात लावून दार बंद करी. त्या दिवशी उजेड सरळ कपाटात आला होता, म्हणून त्याचं लक्ष गेलं. काळ्या तबकडीवर दुधाळ सावट पसरलं होतं. चिकटपट्टी सोडवून त्याने तबकडी बाहेर ओढली, तर प्लास्टिक तिला सोडेना. सुटताना बारीक चरचर आवाज झाला. जेवण तसंच टाकून, तबकडी उराशी धरून तो तांबट गल्लीत पोचला.

मामांनी ती खिडकीशी नेली, तिरकी धरली, अंगठ्याचं पेर कडेवरून फिरवून पाहिलं.

"प्लास्टिक आहे हे. वर्षानुवर्षं चिकटून बसलं की घाम सोडतं, आणि तो घाम तबकडीत उतरतो. साध्या कागदी पाकिटात ठेवली असतीस तर हिला काही झालं नसतं."

"पुसून जाईल?"

"वरचं जाईल. आत उतरलंय ते राहणार. खरखर येईल."

"पण मामा, मी ही दहा वर्षांत एकदाही वाजवली नाही हो."

"दिसतंय की."

"आता लावली तर आणखी बिघडेल. नाही लावली तर हे आत वाढत राहील. मी काय करू? सांगा ना. माझ्या बापाचा आवाज आहे हा, दुसरा कुठे नाही."

मामा उठले, मागच्या खोलीत गेले आणि येताना त्यांच्या हातात एक तबकडी होती. ती पाहून दिगंबर स्टुलावरून उठून उभा राहिला. ती तबकडी सगळ्या शौकिनांना ऐकून ठाऊक होती. एका थोर गवयाची परदेशातली मैफल, तिकडेच छापलेली, पारदर्शक वेष्टनात सीलबंद. पस्तीस वर्षं मामांनी ते सील मोडलं नव्हतं. मुंबई-पुण्याचे लोक नुसतं पाहायला येत, आणि मामा हात न लावू देता दाखवत.

मामांनी टेबलावरचं पातं उचललं आणि वेष्टनाच्या कडेवरून सरळ ओढलं.

"मामा, अहो, काय करताय," दिगंबर पुटपुटला. पातं त्याच्याच कातडीवरून गेल्यासारखं त्याला झालं. मामांनी वेष्टन चुरगाळून कोपऱ्यातल्या टोपलीत टाकलं, तबकडी प्लेयरवर ठेवली, सुई टेकवली आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

गाणं सुरू झालं आणि दिगंबरच्या अंगावर काटा आला. ते गाणं नव्हतं. चिरका, घाईघाईचा, पोरकट आवाज खोलीभर धावत सुटला होता. तबला नुसता तडतडत होता. दिगंबरला कारण लगेच कळलं, तीन वर्षं दुसरं शिकला तरी काय होता तो? सकाळी कुणाची तरी छोटी तबकडी तपासताना प्लेयरचा खटका मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगावर नेला होता, आणि ही मोठी तबकडी तेहतीसची. खटका मागे घ्यायचा राहिला होता. नवशिक्याचीही होऊ नये अशी चूक.

त्याने मामांकडे पाहिलं. आता ते दचकून उठतील, कपाळावर हात मारतील. मामा डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर गाढ समाधान होतं, आणि हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर संथ ठेका धरत होती. त्या ठेक्याचा आणि खोलीत चाललेल्या तडतडीचा काही संबंध नव्हता.

"मामा," त्याने हाक मारली. मग मोठ्याने, "मामा." ठेका चालूच होता. भरदुपारी, उघड्या दुकानात, रस्त्यावर माणसं जात-येत असताना त्याला भीती वाटली, भुताची वाटावी तशी. उजेडाकडे तोंड. काय ऐकू येतंय, सांग. तीन वर्षांचे सगळे रविवार त्याच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेले, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघाला.

त्याने हात लांबवून खटका तेहतीसवर आणला. आवाज खाली उतरला, रुंद झाला आणि गवई खरोखर गाऊ लागले. इतकं सुंदर गाणं दिगंबरने आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते त्याला ऐकवेना. त्याने मामांच्या गुडघ्याला स्पर्श केला.

मामांनी डोळे उघडले. शिष्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खटक्याकडे. "वेग चुकला होता होय?" ते म्हणाले. "माझं आता सगळं हातांच्या सवयीवर चालतं. बस इथे, उजेडात. कसं गातायत ते सांग मला."

"कधीपासून, मामा?"

"डावा कान चार वर्षांपूर्वी गेला. उजवा त्याच्या पुढच्या पावसाळ्यात." आणि मामा बोलू लागले, सावकाश, आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसलेल्या माणसाच्या सपाट स्वरात. "ही आणली तेव्हा माझे कान असे होते की शेजारच्या गल्लीतली सुई बोथट आहे हे मी इथे बसून सांगायचो. म्हटलं, एवढी मोलाची चीज घाईत नको ऐकायला. निवांत झालो की ऐकू. दर वर्षी धूळ पुसायचो आणि परत ठेवायचो. दिगंबरा, मला भीती सुईची होती. सुई काय नेणार होती? केसाएवढं. ते वाचवलं मी. तबकडी बघ, आज काढल्यासारखी आहे. झिजायचं होतं ते दुसरीकडे झिजत होतं, आणि तिकडे मी राखण ठेवली नव्हती. भीती राखण करते असं आपल्याला वाटतं. ती एकाच दाराशी बसून राहते, दादा. घराला दारं पुष्कळ असतात."

मामांनी दिगंबरच्या वडिलांची तबकडी ओलसर कापडाने हलक्या हाताने पुसली, कागदी पाकिटात घातली आणि त्याच्या हातात दिली. ती देताना म्हणाले, "गेल्या महिन्यात तुझी आई दुकानावरून जाताना थांबली होती. पाच मिनिटं बोललो आम्ही. मी तिच्या ओठांकडे बघत होतो, आणि ती माझ्या."

दिगंबरला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा करपलेल्या डाळीचा वास त्याच्या नाकात भरला.

तो पळत घरी आला. पंचेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस भरबाजारातून तबकडी छातीशी धरून पळतो आहे, हे पेठेने पाहिलं आणि हसून घेतलं. त्याला त्याचं काही नव्हतं. वाटेत तो एकच गोष्ट मनात म्हणत होता, यंदा तिने विचारलं नाही, यंदा तिने विचारलं नाही.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. दिगंबर तिच्या समोर, खिडकीच्या उजेडात जाऊन बसला आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाला, "आई, गाणं लावतोय. बाबांचं."

आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग मेथीची जुडी खाली ठेवून पदराला हात पुसले.

त्याने तिची खुर्ची स्पीकरला टेकवून ठेवली, आवाज मोठा केला, खटका दोनदा तपासला आणि सुई टेकवली. खरखर सुरू झाली. नुसती खरखर, कढईत काही तळावं तशी. मग तिच्या मागून, लांबून, वडिलांचा आवाज आला. 'अंगणात थांब...' आणि पुढचे शब्द खरखरीने गिळले. आईचा चेहरा तसाच होता, कोरा. दिगंबरने तिचा हात धरला. संपलं, त्याला वाटलं. इकडे तबकडी गेली आणि तिकडे कान गेले, आणि मी मध्ये किल्ली सांभाळत बसलो.

पहिलं कडवं सरलं. दुसऱ्यात पुन्हा खरखर दाटली, शब्द बुडाले, आणि तिथे दिगंबरला एक बारीक, थरथरता आवाज ऐकू आला. आई गात होती. डोळे मिटून, एक तळवा स्पीकरच्या लाकडावर ठेवून, बुडालेले शब्द ती बरोबर जागच्या जागी गात होती. वडील वर आले की ती थांबे, ते खरखरीत गेले की ती पुढची ओळ उचले. गाणं असं कुठेही न तुटता शेवटाला गेलं. आईला गाता येतं हे दिगंबरला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली.

"अर्धं येतं रे ऐकू," आई म्हणाली. "मधलं मधलं जातं. पण तेच आहेत." मग तिने विचारलं, "सुई आली वाटतं नवी?"

दिगंबरने मान खाली घातली. मग तिला ओठ दिसावेत म्हणून पुन्हा वर केली आणि म्हणाला, "जुनीच आहे आई. दहा वर्षं जुनीच होती."

आई रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने नुसता त्याच्या हातावर हात ठेवला.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

त्याने सुई उचलली आणि सुरुवातीला आणली. भीती कुठे गेली नव्हती, पण आता ती त्याला घाई करायला सांगत होती. त्याने सुई टेकवली.

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत ते गाणं सात वेळा वाजलं. पुढच्या रविवारी दिगंबर मामांच्या दुकानात गेला, न सांगता उजेडात बसला, आणि पस्तीस वर्षं सीलबंद राहिलेल्या त्या मैफलीत काय काय आहे ते त्यांना पहिल्या स्वरापासून सांगू लागला.

आपल्या कपाटातलं असं न वाजवलेलं काही असेल, तर वाचकहो, ते किती शाबूत आहे हे पाहण्याआधी, ते ऐकायला कोण उरलं आहे ते पाहावं.