खाडीला झालर

“…मग अजून किती मोठा धोंडा हवा, बाबा?”

हिराजी चिडलाच होता. खारबांधाच्या पायथ्याशी त्याने आजवर दगडांच्या राशी ओतल्या होत्या. खाडीचं पाणी दगडाला थडकायचं, खाली वळायचं आणि नेमकी बुडाखालची माती उकरून न्यायचं. दगड खड्ड्यात, आणि हिराजी नवा दगड घेऊन पुन्हा हजर!

पुढल्या अमावास्येला मोठं उधाण येणार होतं. बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत, आणि मग वर्षानुवर्षं त्या जमिनीत दाणा पिकत नाही. अख्ख्या गावाचं पोट त्या बांधामागे होतं.

बांधावरच्या झोपडीत राहणारे म्हातारे फकीर लतीफबाबा विडी ओढत बसले होते.

“बांधापुढची तिवरं कोणी तोडली?”

“मीच. दगड रचायला जागा साफ नको? आणि नुसती झुडपं ती! पाणी आलं की माना टाकतात. बांध राखायला छाती लागते, बाबा.”

“बरं. मग उतर पाण्यात. छाती काढून उभा राहा. हलायचं नाही.”

ओहोटीचं पाणी जोरात निघालं होतं. हिराजी खांबासारखा उभा राहिला. हट्टी गडी, मरेल पण हलणार नाही.

…

टाचांखालची रेती सरकली. मग आणखी सरकली. हिराजी धाडकन उताणा पडला.

बाबा हसले नाहीत. मी असतो तर हसलो असतो.

त्यांनी खाली उतरून त्याचं मनगट धरलं आणि हात चुकून उरलेल्या एका तिवराच्या बुडाशी खुपसला. झुडूप पाण्यात डुलत होतं. पण बुडाची माती वाहून गेली नव्हती, उलट साठली होती; हात कोपरापर्यंत मऊ गाळात गेला.



हिराजी म्हणाला, “तिवरं वाढायला वर्षं जातील. उधाण तर दारात आलंय.”

“काथ्या आहे ना गावात?”

दुसऱ्या दिवसापासून घरोघरी लोक काथ्या वळू लागले. दोरांच्या लांब झालरी केल्या, खाली दगड बांधले, वरच्या टोकांना सुके भोपळे. पाण्याखाली उभ्या राहतील, पण पाणी येईल तशा तिवरांसारख्या झुकतील. पलीकडच्या गावचे लोक टिंगल करत, “खाडीला झालर! लग्न कधी काढलंय?” हिराजीने मान वर केली नाही. तळहात सोलवटले, तरी बुड्या मारून तो रांगेमागून रांग बांधत राहिला. आपण तोडलं ते आपणच भरून द्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

रोजच्या भरतीला झालरींमागे गाळ बसू लागला.

उधाण आलं. गाव जीव मुठीत धरून बांधावर उभा होता. पाणी झालरींतून आत आलं, बांधाला लागलं, आणि आलं तसं परत गेलं. बांध जागचा हलला नाही.

ओहोटी लागताच हिराजी धावत खाली उतरला. पायथ्याचे खड्डे गाळाने बुजले होते. त्याला रडूच फुटलं.

“हरली, बाबा! खाडी हरली!”

बाबांनी विडी विझवली.

“हरली कुठं, बेटा? ती बिचारी रोज माती घेऊनच यायची… आपण तिला धोंडे मारत होतो.”