पाटाची किल्ली

नदीवर दगडी बंधारा असलेल्या एका गावात भिवसन नावाचा पाटकरी होता. पाटाच्या दाराला कुलूप असे आणि त्याची किल्ली भिवसनकडे. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचे, हे तो बघे. गावसभेने त्याला हे काम दिले होते.

एकदा त्याची मुलगी आजारी पडली. किल्ली शेजारच्या उखर्डूकडे सोपवून भिवसन तिच्या सासरी गेला. परतायला चार महिने लागले.

"उखर्डू, किल्ली दे," तो म्हणाला.

"तुम्ही थकलात, दादा. राहू द्या आता माझ्याकडेच."

भिवसन खरोखरच थकला होता. तरी तो चार घरी दाद मागून आला. सगळे म्हणाले, "पाणी मिळतंय ना? मग कशाला भांडण?" उखर्डूला दुखवून आपली पाण्याची पाळी गमवायची कोणाची तयारी नव्हती. भिवसन घरी बसला.

अशी नऊ वर्षे गेली. "आता हा माझा हक्कच झाला," असे उखर्डू म्हणू लागला. पण गावसभा भरली की तो तिकडे फिरकत नसे. तो जत्रेला जाईना, लग्नाकार्याला जाईना. किल्ली कमरेला बांधून बंधाऱ्यावर बसून राही.

एका सकाळी निरोप आला. त्याची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. भावाला एकदा बघायचे म्हणत होती. उखर्डू निघाला, पण दारातच थांबला. किल्ली कोणाकडे द्यायची? पुतण्याकडे? जावयाकडे? ते परत देतील? आपण कुठे दिली होती? तीन दिवस तो असाच घुटमळला. चौथ्या दिवशी बहीण गेल्याचे कळले.

उखर्डू भिवसनकडे गेला. किल्ली पुढे ठेवून म्हणाला, "दादा, तुमची वस्तू घ्या."

"माझी नव्हती रे, आणि तुझीही नव्हती. ज्यांची आहे त्यांना नेऊन दे."

उखर्डूने किल्ली गावसभेपुढे ठेवली आणि सभेने दुसरा पाटकरी नेमला. उखर्डू बहिणीच्या गावी पोचला, तेव्हा भाची अंगण सारवत होती.

"मामा, आई तीन दिवस दाराकडे बघत होती. एवढं काय काम होतं तुम्हाला?"

उखर्डू खाली मान घालून ओसरीवर बसला.

तात्पर्य: विश्वासाने सोपवलेले पद बळकावले, तर कितीही वर्षे लोटली तरी ते आपले होत नाही, बळकावणाराच त्याला जखडला जातो.