टोपली झाली की सकाळ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कोंबडे वय झालं म्हणून नोकरी सोडायचे.

एका राज्यात कायदा होता. राजवाड्यातून आरवणं ऐकू आल्याशिवाय सकाळ झाली असं मानायचं नाही. इतर गावांत कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. इथे ऊन डोक्यावर आलं तरी रात्रच धरायची.

राजवाड्याचा कोंबडा म्हातारा झाला आणि घरी बसला. जागा रिकामी झाली.

त्याच गावात एक बुरडीण होती. ती टोपल्या विणायची आणि टोपली पुरी झाली की खुशीत आरवायची. अशी आरवायची, की कोंबड्या पदर सावरायच्या.

प्रधान तिच्या दारात आले. "बाई, तुमचा आवाज दैवी आहे. कोंबडेपद स्वीकारा."

सासू लगेच म्हणाली, "घे गं बाई! टोपल्यांनी हात सोलतात. आरवून काय सोलणार आहे?"

बुरडीण विचारात पडली. आरवण्याइतकं तिला दुसरं काही आवडत नव्हतं. ती म्हाताऱ्या कोंबड्याकडे गेली.

"मलाही आवडायचं," कोंबडा म्हणाला. "मग नोकरी लागली."

तरी तिने आठ दिवस करून बघायचं ठरवलं. पहिल्या दिवशी मजा आली. तिसऱ्या दिवशी प्रधान म्हणाले, "शेवट जरा लांबवा. महाराजांच्या मेहुण्यांना तसं आवडतं." आठव्या दिवशी तिच्या गळ्यातून शेळीचा आवाज आला. घरी टोपली पुरी झाली, तरी आरवावंसंच वाटेना.

तेव्हा मात्र ती घाबरली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, मी आरवीन. पण पहिल्यासारखीच. माझ्या अंगणात, टोपली पुरी झाली की."

"आणि टोपली लांबली तर?" प्रधान ओरडले.

"तर सकाळ लांबली."

महाराजांची अकरा वर्षं झोप पुरी झाली नव्हती. ते सिंहासनावर उभे राहिले आणि म्हणाले, "मंजूर!"

पुढच्याच महिन्यात शेजारचा राजा फौज घेऊन चालून आला. रात्री लढणं अधर्म, म्हणून फौज वेशीबाहेर सकाळ व्हायची वाट बघत थांबली. ऊन चढलं. चिलखतं तापली. हत्ती खाली बसले.

बुरडीण अंगणात भली मोठी टोपली विणत होती. दुपारी शत्रूचा सेनापती हात जोडून आला.

"ताई, एकदा आरवा हो. लढून घरी जायचंय."

"काठ राहिलाय, दादा."

"किती वेळ लागेल?"

"बांबू कडक आहे."

संध्याकाळी फौज कंटाळून परत गेली. शेवटचा हत्ती दिसेनासा झाला आणि इकडे काठ पुरा झाला. बुरडीण उठली, हात झटकले आणि अशी आरवली, की सगळं राज्य रस्त्यावर येऊन नाचलं. दात घासत घासत.

महाराजही नाचले. त्यांची झोप छान झाली होती.

म्हातारा कोंबडा हल्ली बुरडिणीशेजारी टोपल्या विणत बसतो. वाईट विणतो, पण अगदी मजेत.

तात्पर्य: छंदाचा धंदा खुशाल करा, पण छंदाला हुकूम सोडू नका.