कुर्ली बेटावरची लाळेरी

कुर्ली बेटाच्या पश्चिमेकडच्या पुळणीवर थंडीत उतरलात, तर वाळूत रोवलेल्या काठ्यांवर तान्ह्या मुलांची लाळेरी फडफडताना दिसतील. पाहुणे हसतात. होडीवाले बाबल तांडेल म्हणतात, "हसा, हसा, पण पाय जपून टाका हां. खाली पोरं निजलीत." मग चांगुणेची गोष्ट निघते.

फार जुनी गोष्ट. तेव्हा पुळणीवर कासवीण दिसली की लोक कुदळी घेऊनच धावत, असे सांगतात. अंड्यांवर एवढा ताव मारला, की एका वर्षी एकच कासवीण आली म्हणे. नेमकी तेव्हाच चांगुणेची लेक आवडी बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिला डोहाळे लागले ते कासवाच्या अंड्यांचे! डोहाळे अपुरे राहिले तर मूल लाळ गाळत राहतं, याची सगळ्यांना खात्री. विहीणबाईंनी तर निरोपच धाडला, "आमच्या घराण्यात लाळगळं पोर नको!"

चांगुणा पहाटेच टोपली घेऊन पुळणीवर दबा धरून बसली. कासवीण आली. धापा टाकत, पोट ओढत वर चढली आणि मागच्या पायांनी खड्डा उकरू लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. जिथं जन्मते त्याच वाळूत कासवीण परत येते, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर दबा धरता येई. चांगुणेच्या मात्र काळजात चर्र झालं. "अगो बाय, ही पण बाळंतपणाक माहेराक इली!"

टोपली रिकामीच घरी आली. आवडी रुसली, रडली. "आये, लोक हसतले माझ्या पोराक!" चांगुणेचाही जीव तुटत होता, पण तिनं ठणकावलं, "गळू दे लाळ. पुसूक मी आसंय!"

नातू झाला, चांगला गुटगुटीत. आणि लाळ? काही विचारू नका! पुढच्या थंडीत कासवीण पुन्हा आली, तसे कुदळीवाले निघाले. बघतात तर अंड्यांच्या जागी काठी, काठीवर नातवाचं ओलं लाळेरं, आणि शेजारी त्याला कडेवर घेऊन चांगुणा ठाण मांडून उभी. बाळंतिणीच्या खोलीत कुदळ घेऊन कोण शिरणार? सगळ्यांत पुढे असलेला गावचा प्रमुख, गावकार, खाली मान घालून परतला, बाकीचे त्याच्यामागे.

आजही बेटावर पोर जितकं लाळगळं, तितकी आई मिरवते. पिल्लं वाळूतून निघाली, की लेकुरवाळ्या बायका पाण्यापर्यंत त्यांच्या सोबत जातात आणि लाटांच्या गाजेवर आवाज चढवून सांगतात, "बाळंतपणाक हंयच ये गो बाय!"