तीन खड्यांचं पहिलं वर्ष

बाळांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही सांगा: अगदी पहिल्यांदा केलेलं तुमचं काम आज कुणी चारचौघांत उलगडून दाखवलं, तर तुम्हाला चालेल का?

खूप जुनी गोष्ट आहे. एका खोल दरीच्या काठावर दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. दरीवरचा झुलता पूल त्यांच्याच दोरांवर तोललेला असे. या कामात दरवर्षी फक्त एकच नवा माणूस घेत, आणि ज्याला त्याला संधीही एकदाच मिळे. उमेदवाराने आपल्या गावी चार वर्षं दोर वळायचा आणि त्याचं वेटोळं घेऊन यायचं. तिघे पंच तो दोर हातांनी चाचपत. प्रत्येक वर्षाच्या कामाला दहापैकी काही खडे देत आणि मग सरासरी काढत.

तिघांत एक म्हातारी होती. सगळे तिला आक्का म्हणत. त्या दिवशी सकाळपासून तिने चाळीस वेटोळी चाचपली होती. बोटं हुळहुळली होती. त्याहून जास्त ती थकली होती ‘नाही’ म्हणून म्हणून. एकेक पडलेला चेहरा पाठमोरा होई, आणि तिला वाटे, आता बास.

शेवटी दोघे उरले. एका तरुणाला वर्षावर्षाचे खडे मिळाले आठ, सहा, पाच, पाच. एका मुलीला मिळाले तीन, पाच, सात, नऊ. दोघांची सरासरी सहाच!

“यात काय अवघड आहे?” उंच पंच म्हणाला. “दोर जिथे कच्चा, तिथेच तुटतो. पोरीचं पहिलं वर्ष बघा. याने शेळीसुद्धा बांधता येणार नाही!”

“शेळी कसली, कोंबडीही पळेल,” दुसरा, बुटका पंच हसला. “चला, मुलाला घेऊ. पोटात कावळे ओरडतायत.”

मुलगी खाली मान घालून उभी होती. आक्काला नुसती मान हलवायची होती, की घरी जाऊन पाठ टेकता आली असती. मान हलणारही होती. पण तिची बोटं त्या तीन खड्यांच्या दोरावर थबकली.

“पोरी, हे असं का गं झालं?”

“आजी, मला वाटायचं, जितका जास्त पीळ, तितका दोर पक्का. म्हणून पिळतच राहिले. मग दोर जागोजागी मुरडला.”

“मग?”

“दुसऱ्या वर्षी कळलं, की ताग आधी भिजवावा लागतो. तिसऱ्या वर्षी हात सैल सोडायला शिकले. अजून शेवटची गाठ नीट बसत नाही.”

आक्का तरुणाकडे वळली. “आणि बाबा, तू शेवटच्या वर्षी काय शिकलास?”

तो गोंधळला. “पहिल्याच वर्षी सगळ्यांनी शाबासकी दिली, आजी. मग जे येत होतं, तेच करत राहिलो.” तो खोटं बोलला नाही. आक्काला त्याचं वाईट वाटलं.

ती म्हणाली, “मी मुलीला घेते.”

“आक्का, सुंभ जळला तरी पीळ जात नाही!” उंच पंच चिडला.

“ते सुंभाचं झालं, भाऊ. जन्मभर दोर पारखून आपण माणसंही तशीच पारखायला लागलो. कच्चा दोर कच्चाच राहतो. माणूस राहत नाही. हा जुना दोर आपल्याला पुलाला बांधायचा नाहीये. उद्या पुलाचा दोर वळतील ते हात हवेत. याचे हात चार वर्षांत खाली आले, हिचे वर चढले. सरासरीला तेवढं दिसत नाही.”

बुटक्याने पुन्हा एकदा शेवटच्या वर्षाचा दोर ओढून पाहिला आणि मान डोलावली. उंच पंचाने जरा वेळाने, नाइलाजाने.

आक्काने तरुणाला शेवटचं ‘नाही’ सांगितलं. तेही सोपं गेलं नाही.

म्हणून लक्षात ठेवा: माणसाने कुठून सुरुवात केली यापेक्षा तो कोणीकडे चालला आहे, ते पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी पुलासाठी ताग भिजवत बसली होती, आणि आक्का कित्येक वर्षांनी ऊन वर येईपर्यंत झोपली होती.